माळ्यावरच्या ट्रंकेतील लाकडी गोळ्या : एका कुटुंबाचे प्रकरण

प्रकरणाची पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका गावातले आहे. कुटुंबाच्या विनंतीवरून गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. मी सैन्याच्या आयुध विभागात दारूगोळ्याची साठवण आणि तपासणी करण्यात नोकरी घालवली. या घरचे जावई माझ्या हाताखाली होते, म्हणून पहिला फोन मला आला आणि पुढे जे घडले त्यातील बराचसा भाग माझ्या डोळ्यांसमोर घडला.

घरचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात त्या वेळच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते आणि इटलीच्या आघाडीवर लढले होते. याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांच्या वाट्याला मोठे पदक आले नाही. त्यांची एक लोखंडी ट्रंक तेवढी माळ्यावर राहिली. ते वारल्यानंतर अनेक वर्षे ती कोणी उघडली नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत धाकट्या सूनबाईंनी ती खाली घेतली, तेव्हा तिच्यात पगाराचे पुस्तक, पितळी मग, इटली स्टार हे पदक आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात खाकी फडक्यात गुंडाळलेली पाच काडतुसे होती. ती एका पातळ लोखंडी पट्टीत ओळीने अडकवलेली होती आणि प्रत्येकाच्या टोकाला असलेली गोळी लाकडाची होती.

या गोळ्यांचा रंग सुकलेल्या जांभळासारखा, लालसर जांभळा होता. एका गोळीला उभी चीर गेली होती आणि त्या चिरेतून आतली पोकळी दिसत होती. घरातल्या सात वर्षांच्या नातीला ते तेलखडू वाटले. तिने सगळी पट्टी मुठीत धरून एक टोक शहाबादी फरशीवर घासून पाहिले, रेघ उमटली नाही म्हणून सोडून दिले, आणि त्यानंतर तो डबा दोन दिवस स्वयंपाकाच्या ओट्यावर, गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर पडून होता.

समस्या

मला फोनवर जो प्रश्न विचारला गेला तो असा होता : “काका, या लाकडाच्या खोट्या गोळ्या आहेत, आजोबांची आठवण म्हणून काचेच्या पेटीत लावायच्या आहेत, पितळ कशाने घासावे?” काडतुसे जिवंत आहेत का, हा प्रश्न कोणाच्याही मनात आलेला नव्हता. याचे कारण मला लगेच उमजले. आपली नजर काडतुसाच्या टोकाशी थांबते. टोक शिशाचे किंवा तांब्याच्या कवचाचे असेल तर माणूस बिचकतो. लाकडाचे असेल तर त्याला भोवरा किंवा पेन्सिल आठवते. पण काडतुसात धोक्याची जागा टोकाच्या मागे असते. पितळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, दारू असते, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप असते, आणि या दोन्ही वस्तूंना पुढे शिसे बसवले आहे की लाकूड याने काही फरक पडत नाही.

घरात या काडतुसांविषयी एक कथाही चालत आली होती. आजोबा सांगत की शेवटी शेवटी जर्मनांकडचे शिसे संपले आणि ते लाकडाच्या गोळ्या झाडू लागले. ही कथा त्यांनी रचलेली नव्हती. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन सैनिकांनाही अशा लाकडी गोळ्या सापडल्या होत्या आणि त्यांच्यातही हीच बोलवा होती. जखम चिघळावी आणि एक्स-रेत गोळी दिसू नये म्हणून शत्रू मुद्दाम लाकूड वापरतो, असेही काही जण म्हणत. सैनिकाच्या हाती जे लागते त्याचा अर्थ तो आपल्या भीतीतून आणि आशेतून लावतो. तीच समजूत साताऱ्याच्या माळ्यावर सत्तरहून अधिक वर्षे सुखरूप राहिली आणि तिने या काडतुसांना निरुपद्रवी ठरवून टाकले, ही या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट आहे. शिसे संपलेल्या शत्रूची गोळी म्हणजे कमजोर गोळी, असा अर्थ पुढच्या पिढ्यांनी लावला होता.

लाकडी गोळी कशासाठी

पुढील निर्णय समजण्यासाठी ही वस्तू मुळात काय आहे ते सांगणे आवश्यक आहे. जर्मन सैन्यात प्लात्सपात्रोने ३३ या नावाचे ७.९२ मिलिमीटरचे सरावाचे काडतूस होते. त्याची गोळी पोकळ लाकडाची असे आणि ती लाल-जांभळी रंगवलेली असे, म्हणजे खऱ्या काडतुसांत ते चुकून मिसळू नये. सरावात शत्रूपक्ष म्हणून समोर आपलेच जवान असतात. त्यांच्यावर आवाज व्हावा, धूर निघावा, पण कोणी मरू नये, यासाठी ब्लँक काडतूस लागते.

मग त्याला गोळी हवीच कशाला, हा प्रश्न या कुटुंबातील पुतण्याने विचारला आणि तो योग्यच होता. याची दोन कारणे आहेत. मॅगझिनमधून काडतूस वर येऊन नळीच्या मागच्या घरात सरकते, तेव्हा त्याचे निमुळते टोक त्याला वाट दाखवते; टोक नसलेले आखूड काडतूस वाटेत अडकण्याचा संभव असतो. दुसरे कारण मशीनगनचे आहे. एमजी ३४ सारखी बंदूक प्रत्येक बाराच्या धक्क्याने नळी मागे सरकवून पुढचे काडतूस आपोआप घेते. पुढे अडथळाच नसेल तर वायू नुसता निघून जातो, दाब साठत नाही आणि बंदूक एका बारानंतर गप्प होते. लाकडी गोळी हा अडथळा पुरवते. सरावाच्या वेळी नळीच्या तोंडावर एक जोड बसवत, त्यात ही गोळी भुगा होऊन बाहेर पडे आणि तोंड अरुंद झाल्याने दाबही टिके. गोळी पोकळ ठेवण्याचे कारण हेच की ती सहज फुटावी.

ही युक्ती एकट्या जर्मनांची नव्हती. स्वीडनच्या ६.५ मिलिमीटरच्या रायफलींसाठी लाकडी गोळीचे सराव-काडतूस होते आणि गोळीचा चुरा करणारा जोड बसवता यावा म्हणून त्यांच्या अनेक माउझर रायफलींच्या तोंडाशी आटे पाडलेले आजही दिसतात. इटलीच्या सैन्यात लाकडी गोळीची ब्लँक काडतुसे होती. ब्रिटिशांनी ब्रेन मशीनगनच्या सरावासाठी थ्री नॉट थ्रीची, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या .३०३ इंची मापाची, तशी काडतुसे काढली. जपान्यांनी रायफलच्या तोंडावरून ग्रेनेड फेकण्याच्या काडतुसांत लाकडी टोक वापरले. आज बहुतेक सैन्यांत केसचे तोंडच फुलाच्या पाकळ्यांसारखे चिमटून बंद करतात आणि नळीच्या तोंडाशी धातूचा जोड लावतात, त्यामुळे लाकूड मागे पडले.

शिसे संपल्याच्या कथेबद्दल एवढेच सांगतो की जर्मनीला शिशाची काटकसर करावी लागली हे खरे आहे, परंतु त्यासाठी त्यांनी लढाईच्या गोळीच्या गाभ्यात मऊ लोखंड घातले. लाकूड हा त्याचा पर्याय होऊच शकत नव्हता. त्यांची नेहमीची जड गोळी १२.८ ग्रॅमची होती. पोकळ लाकडी गोळी तिच्या तुलनेत पिसासारखी, ती हवेत फार दूर जातच नाही. तथापि अगदी जवळून, जोड न लावता झाडली तर ती अंगात घुसते, डोळा घालवते आणि लाकडाच्या कपच्या मांसात ठेवते. कोरडे लाकूड साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही आणि अंगात राहिले की पू धरते, म्हणून त्या अफवेतला वैद्यकीय भाग निराधार नव्हता. शत्रूचा हेतू मात्र लोकांनी कल्पनेने त्यात भरला होता.

समोर असलेले पर्याय

मी पोहोचण्यापूर्वीच घरात चार मते झाली होती.

थोरले चिरंजीव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते म्हणाले की उगीच भानगड नको, विहिरीत टाकून द्या. दिसायला हा मार्ग सोपा होता. पण विहीर उपसली जाते, गाळ काढला जातो, आणि मग ते काडतूस ज्याच्या हाती लागेल त्याला ते कुठून आले हे सांगणारा कोणीही नसतो. ओलाव्याने दारू निकामी होईल असे धरून चालणेही चूक, कारण काडतूस बनवतानाच ते ओलाव्यापासून जपण्याची तजवीज केलेली असते.

पुतण्याचे वर्कशॉप आहे. त्याचे म्हणणे होते की पक्कडीने लाकूड उपटायचे, दारू ओतून टाकायची आणि केस पॉलिश करून पेटीत लावायची. मला सर्वांत जास्त भीती याच पर्यायाची वाटली, कारण तो करणाऱ्याला आपण काळजी घेत आहोत असे वाटते. दारू ओतली तरी बुडाची कॅप शिल्लक राहते. व्हाइसमध्ये केस आवळताना किंवा बूड घासताना ती उडाली तर पितळाचा किंवा कॅपचा तुकडा सरळ तोंडावर येतो. बंदुकीबाहेर उडालेल्या काडतुसाची गोळी लांब जात नाही, धातूची केस फाटून तिचे तुकडे उडतात आणि इजा त्यांनी होते. गोळी लाकडाची असल्याने हा धोका तसूभरही कमी होत नाही.

गावातील एका निवृत्त गुरुजींचे मत होते की लाकडी गोळ्यांवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, म्हणून या गोष्टीचा बोभाटा होऊ देऊ नये. त्यांच्या मनात काही शस्त्रांवर बंधने घालणाऱ्या १९८० च्या जिनिव्हा कराराचा पहिला प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार, असावा. त्यात एक्स-रेला न दिसणाऱ्या तुकड्यांनी इजा करणे हाच ज्याचा मुख्य परिणाम आहे अशा शस्त्राला मनाई आहे. सरावाचे काडतूस त्यात बसत नाही. पुतण्याने मोबाइलवर शोधले तर त्याला हाँगकाँगच्या पोलिसांनी दंगलीत वापरलेल्या सागवानी दंडगोळ्यांची माहिती मिळाली. ती जाड नळीच्या बंदुकीतून फेकायची निराळीच वस्तू आहे; उत्तर आयर्लंडमध्ये १९७० साली आलेली रबरी गोळी त्याच कल्पनेतून पुढे निघाली. “लाकडी गोळी” या दोन शब्दांखाली किती वेगवेगळ्या वस्तू एकत्र होतात आणि माणूस कसा चकतो, हे मला तेव्हा दिसले.

चौथे मत जावयांचे होते : मी ती गाडीत घालून छावणीत नेऊन द्यावीत. त्यांचा माझ्यावरचा विश्वास मोठा, पण सत्तर वर्षांच्या अनोळखी काडतुसांची खासगी वाहतूक मी नोकरीत असताना कोणाला करू दिली नसती, मग निवृत्तीनंतर स्वतः कशी करणार?

उरलेला मार्ग पोलिसांना कळवण्याचा होता आणि घरात त्याचेच नाव कोणी काढत नव्हते. “उद्या केस झाली तर मुलाच्या नोकरीचं काय?” हा वहिनींचा प्रश्न मी हलका मानला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बाळगता येत नाही. त्या कायद्यातील दारूगोळ्याची व्याख्या व्यापक आहे, तेव्हा लाकडी टोकाचे ब्लँक तिच्यातून सुटेल असे गृहीत धरण्यात अर्थ नव्हता. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असे स्पष्ट केलेले आहे, आणि जे बाळगणे कायदेशीर नाही ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याची वाट कलम २१ दाखवते. मी वहिनींना म्हणालो, “ट्रंक उघडली त्या दिवसापर्यंत तुम्हाला माहीत नव्हते, आता माहीत आहे. आता जितके दिवस जातील तितके उत्तर देणे अवघड होईल.”

केलेली कृती

पहिल्या फोनवर मी दोन गोष्टी केल्या, त्यातली एक बरोबर होती. डबा शेगडीपासून दूर, मुले जाणार नाहीत अशा खोलीत ठेवून दार लावायला सांगितले. दुसरी गोष्ट म्हणजे काडतुसाच्या बुडाचा फोटो मागवला. तो मिळाल्यावर ओळख पटली : कडा बाहेर आलेली नव्हती, म्हणून थ्री नॉट थ्री नव्हे; बुडाशी केस मागे ओढणारा बंदुकीतला आकडा बसण्याची खाच, कॅपभोवती कारखान्याचे संकेताक्षर, धातूची खूण, तुकडीचा क्रमांक आणि वर्ष अशी जर्मन पद्धतीची चार चिन्हे. कॅपवर पिनचा ठसा नव्हता, म्हणजे पाचही काडतुसे न उडालेली होती. माहिती उत्तम मिळाली, पण ती मिळावी म्हणून सूनबाईंनी पट्टीतून एक काडतूस ओढून काढले होते आणि नीट दिसावे म्हणून त्याचे बूड चिंचेने घासले होते. हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. आधी पोलीस पाटलांना घरी बोलावले, कारण ते आजोबांना ओळखत होते आणि ट्रंक कोणाची हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्यासमोर अण्णांनी एका पानाचा अर्ज लिहिला : वस्तू कोठे, केव्हा आणि कोणाला सापडली, संख्या किती, वर्णन काय, आणि ती आम्ही स्वखुशीने सुपूर्त करू इच्छितो. सोबत पगाराच्या पुस्तकाची आणि पदकाची छायाचित्रे जोडली. पाटील अर्ज घेऊन ठाण्यात गेले. डबा जागचा हलवला नाही. ठाणे अंमलदारांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “लाकडाच्या आहेत ना, मग घेऊन या की.” तिथेही नजर टोकाशीच थांबली होती. मी त्यांना कॅप आणि दारूचा खुलासा केल्यावर त्यांनी जिल्ह्याच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकाला कळवले.

पथक संध्याकाळी आले. शेजारची दोन घरे अर्ध्या तासासाठी रिकामी केली, पंचनामा झाला आणि काडतुसे वाळूच्या पेटीत ठेवून नेली.

परिणाम

कुटुंबावर कोणतीही कारवाई झाली नाही. अण्णांचा आणि सूनबाईंचा जबाब घेऊन प्रकरण बंद झाले. काही आठवड्यांनी परवानगी मिळाल्यावर पथकाने काडतुसे जाळण्याच्या भट्टीत नष्ट केली. पथकातील हवालदारांनी मला आठवणीने फोन केला आणि सांगितले की पाचपैकी चारांचा बार ऐकू आला. फरशीवर घासलेले, ओट्यावर ठेवलेले, चिंचेने चमकवलेले काडतूस त्या चारांतले होते की गप्प राहिलेले पाचवे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

रिकामी लोखंडी पट्टी आणि बिस्किटांचा डबा घरी परत मिळाला. काचेच्या पेटीत आता पदक, पट्टी आणि काडतुसांचे मोठे छायाचित्र आहे. खालच्या कागदावर सूनबाईंनी मला विचारून मजकूर लिहिला : जर्मन सैन्याचे सरावाचे काडतूस, लाकडी गोळीचे. शिसे संपल्याची आजोबांची गोष्ट काढून टाकावी का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “काढू नका, आजोबा असे सांगत असत म्हणून लिहा आणि खाली खरे काय तेही लिहा.”

काय वेगळे करता आले असते

माझी चूक फोटोची होती. ज्याला दारूगोळ्याचे ज्ञान नाही त्याला “बुडाचा फोटो पाठवा” म्हणणे म्हणजे त्याला वस्तू हाताळायला लावणे आहे. जशी आहे तशीच, हात न लावता, दोन पावलांवरून फोटो काढा, एवढेच मी म्हणायला हवे होते. काडतूस जर्मन की ब्रिटिश हे एक दिवस उशिरा कळले असते तर काहीही बिघडले नसते. ते उडालेले नाही असे मानूनच पुढचे सगळे करायचे होते. ओळख पटवण्याची माझी उत्सुकता तिथे आड आली, हे मला मान्य केले पाहिजे.

दुसरी उणीव अर्जात राहिली. अण्णांची मनापासून इच्छा होती की निदान एक लाकडी गोळी तरी घरात राहावी. पथकाने काडतूस उघडून निष्क्रिय केल्यास लाकडी गोळी परत मिळावी, अशी विनंती पहिल्याच अर्जात लेखी केली असती तर तिचा विचार तरी झाला असता. आम्ही ती पंचनाम्यानंतर तोंडी केली आणि तोपर्यंत सगळ्या वस्तूंची नोंद नष्ट करण्याच्या यादीत झाली होती. चिरलेल्या गोळीतली ती पोकळी, सहज फुटावी म्हणून मुद्दाम कोरलेली, नातवंडांना प्रत्यक्ष दाखवता आली असती.

तिसरी गोष्ट पोलीस पाटलांनी सुचवली आणि ती आता होत आहे. दर वर्षी ध्वजनिधीसाठी माजी सैनिकांच्या घरी जाताना ते जुन्या ट्रंकांची चौकशी करतात आणि प्रश्न “काही स्फोटक आहे का” असा न विचारता “लढाईतून आणलेली काही वस्तू आहे का, लाकडाची किंवा पितळेची” असा विचारतात. पहिल्या प्रश्नाला या घराने नाहीच म्हटले असते.